संग्रह विकून विम्याचे हप्ते?

प्रश्न : माझे वय 58. खासगी नोकरीतून 14 महिन्यांनी निवृत्त होईन. पीएफ, ग्रॅच्युइटी, ठेवी मिळून 90 लाख होतील, पेन्शन नाही. घरखर्च महिना 50 हजार, कर्ज नाही, मुलगा कमावता. जुने ग्रंथ आणि मुद्राचित्रे (ठशांवरून छापलेली चित्रे) जमवतो. थॉमस व विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांची वेरूळच्या लेण्यांच्या चित्रांची काही सुटी पानेही आहेत. संग्रहाची किंमत एका विक्रेत्याने 14 लाख सांगितली. त्याच्याकडेच डॅनियल यांच्या भारतातील चित्रांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या ग्रंथाची फॅक्सिमिली (हुबेहूब नक्कल) आवृत्ती आहे, 500 क्रमांकित प्रती, अडीच लाख रुपये. वर्षाला 15 टक्के वाढेल म्हणतो. घ्यावी का? बँकेतून घेतलेल्या गॅरंटीड विमा योजनेचे 3 लाखांचे 10 पैकी 2 वार्षिक हप्ते भरलेत, 15 वर्षांनी 48 लाख मिळतील. पुढचे हप्ते लागेल तसा संग्रह विकून भरीन.

उत्तर : हौस म्हणून परवडत असेल तर घ्या. गुंतवणूक म्हणून नको. मूळ ग्रंथ 1795 ते 1808 या काळात लंडनला निघाला. त्यावर आज कुणाचा कॉपीराइट नाही. हा प्रकाशक 500 प्रतींवर थांबेलही, पण उद्या दुसरा कुणी तीच 144 चित्रे याहून चांगल्या कागदावर छापू शकतो. विक्रेत्याला एवढेच विचारा : दोन वर्षांनी हीच प्रत परत आणली तर किती द्याल? उत्तर लेखी मागा. 15 टक्क्यांचा विषय तिथेच संपेल.

तुमचा खरा घोटाळा पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे.

निवृत्तीनंतर घरखर्च वर्षाला 6 लाख. 90 लाखांतून तेवढे काढणे ओढूनताणून जमेल. त्यात 3 लाखांचा हप्ता आला की 9 लाख, म्हणजे दरवर्षी 10 टक्के. हे टिकणार नाही. निवृत्तीच्या तोंडावर आलेल्या, पेन्शन नसलेल्या माणसाला 10 वर्षे हप्त्यांची योजना विकणाऱ्याने तुमचे वय पाहिले नव्हते असे नाही. त्याने टार्गेट पाहिले. ‘गॅरंटीड’ म्हणजे तरी किती? 30 लाख भरून 48 लाख, पैसा सरासरी साडेदहा वर्षे अडकलेला. परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या 8.2 टक्के देते. मुलगा कमावता, कर्ज नाही, म्हणजे विमाछत्राचीही तुम्हाला फारशी गरज नाही.

संग्रहातून हप्ते? 14 लाख ही विक्रेत्याची विकण्याची किंमत आहे, तुमच्याकडून घेण्याची नव्हे. तो निम्म्याने घेतो म्हणाला तरी नवल नाही. मग सात लाखांत दोन हप्ते भागतील, आठ नाही. आणि तेही गिऱ्हाईक तारखेला हजर असेल तर. वेरूळची 24 चित्रे चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेली. मोठ्या आकारातली की 1812 ते 1816 च्या छोट्या आवृत्तीतली, यावर भाव बदलतो. समास कापलेले असतील, कागदावर तपकिरी डाग असतील तर आणखी उतरतो. भिंगातून रंगीत ठिपक्यांची सारखी जाळी दिसली तर ते पान ऑफसेट म्हणजे आधुनिक यंत्रछपाईचे आहे, तुमचे ‘मूळ’ नव्हेच. (हे मात्र आजच तपासा.) लंडनच्या लिलावांचे आकडे मनातून काढा. शंभर वर्षांवरील कलाकृती 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. गिऱ्हाईक इथलेच, तेही मोजके.

तेव्हा विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू ठेवली, तर 15 व्या वर्षी किती. दोन हप्ते पूर्ण असल्याने पेड-अपचा मार्ग बहुधा खुला आहे. सरेंडरमध्ये मोठी कात्री लागते. म्हणून मी आधी पेड-अपचा आकडा पाहीन. पेड-अपला 9 लाखांच्या आसपास सांगत असतील आणि सरेंडरला 3 लाख, तर पेड-अप करा. बँकेतला माणूस ‘अजून तीनच वर्षे भरा’ म्हणेल. ऐकू नका, त्या तीन हप्त्यांचे आणखी 9 लाख अडकतील.

पुढचा हप्ता कधी, हे तुम्ही लिहिलेले नाही. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत मुदत असते. तारीख उलटली असली तरी तेवढ्या दिवसांत उत्तर मिळवता येईल.