10 लाख वेळा कोण वाकवणार?

‘सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट ट्रकच्या स्प्रिंग पाट्यावर आहे. गाइड म्हणाले, फटीग, म्हणजे वारंवारच्या भाराने धातू थकून तुटणं, करून दाखवा. मी ॲन्सिस या सॉफ्टवेअरमध्ये लोड वर-खाली होईल असं टेबल भरलं. अशा 40 सायकल, म्हणजे फेऱ्या, व्हायला रात्र गेली, डिस्क भरली आणि लॅपटॉप बंद पडला. मग 10 लाख सायकल कशा चालवायच्या? पुण्यात तीन महिन्यांचा सीएई (कॉम्प्युटरवर ताण-भार तपासण्याचा) कोर्स आहे, फी 75 हजार, नोकरीची हमी देतात. बाबांचं गॅरेज आहे, ते म्हणतात पैसे बघू. करू का?’
– एक विद्यार्थिनी, वाळवा तालुका, जि. सांगली

बाळ, पैशांची जुळवाजुळव तूर्त थांबवायला सांग बाबांना. कोर्सचं नंतर बोलू, आधी तुझ्या लॅपटॉपची सुटका करू.

10 लाख सायकल कुणीच चालवत नाही. मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हरसुद्धा नाही. पाटा स्प्रिंग स्टीलचा; रोजच्या भाराखाली तो वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो. त्यामुळे पहिल्या फेरीत जो ताण मिळाला तोच चाळिसाव्या फेरीत मिळणार. तू रात्रभर एकच उत्तर 40 वेळा काढत बसलीस. एकदा जास्तीत जास्त भार, एकदा कमीत कमी, एवढं पुरतं. त्या दोन ताणांतला फरक आणि त्यांची सरासरी घ्यायची, सरासरी ताणाचा परिणाम धरायला गुडमनची दुरुस्ती लावायची आणि त्या स्टीलचा एस-एन आलेख, म्हणजे किती ताणाला किती फेऱ्यांत तुटतं याचा आलेख, उघडायचा. आयुष्य तिथे सापडतं. हे आलेख वाकवून-वाकवून तोडलेल्या खऱ्या नमुन्यांवरून येतात. रेल्वेचे ॲक्सल तुटत होते म्हणून ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरने 1850-60 च्या दशकांत ते काम सुरू केलं. वाकवण्याचे कष्ट कुणीतरी आधीच घेतलेत, तू ते उसने घ्यायचे.

सायकल खरोखर चालवाव्या लागतात, अशाही जागा आहेत. धातू दर फेरीला थोडा कायमचा वाकत असेल, उदाहरणार्थ तापून-थंड होणारा इंजिनाच्या धुराचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, तर एका फेरीवर भागत नाही. पण तिथेही ताण-विकृतीच्या (स्ट्रेस-स्ट्रेन) आलेखातलं वेटोळं स्थिर होईपर्यंतच चालवतात, बहुतेक वेळा पाच-दहा फेऱ्या. अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये तर ती स्थिर झालेली फेरी थेट काढायची सोय आहे, ‘डायरेक्ट सायक्लिक’ नावाची. आणि मटेरियल मॉडेल निवडताना आयसोट्रॉपिक हार्डनिंगवर (धातू सगळ्या दिशांना सारखाच कडक होतो असं धरणाऱ्या मॉडेलवर) बोट पडलं तर घात झाला म्हणून समज. एकीकडे ओढलेला धातू उलट्या दिशेने लवकर नमतो, हे त्या मॉडेलला कळतच नाही. दोन-चार फेऱ्यांत सगळं आलबेल दिसायला लागतं. ते कळणारं कायनेमॅटिक हार्डनिंग घ्यायचं, शक्यतो शाबोश या संशोधकाचं. मी मुलाखती घ्यायचो तेव्हा हा प्रश्न हमखास विचारायचो. रंगीत चित्रांची फाइल घेऊन आलेली निम्मी मुलं इथे गप्प व्हायची.

मी स्वतः काही धुतल्या तांदळाचा नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका ब्रॅकेटचं आयुष्य मी छातीठोकपणे लिहून दिलं आणि टेस्ट रिगवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, तो त्याच्या पाव आयुष्यातच तडकला. तडा वेल्डच्या कडेला होता. मी वेल्ड म्हणजे अखंड लोखंड धरलं होतं आणि आलेख वापरला होता गुळगुळीत पॉलिश केलेल्या नमुन्याचा. सॉफ्टवेअरने एकही एरर दिला नव्हता.

आता तुझ्या हातात जे आहे ते बघ. पाट्याचं आयुष्य कशाने ठरतं? त्यावर काय काय लादलं गेलं त्याने. एस-एन आलेखाचा घातांक 10 च्या आसपास असला, तर ताण 10 टक्क्यांनी वाढताच आयुष्य अडीच पटीने घटतं. उसाचा ट्रक दीडपट भरून कच्च्या रस्त्याने कारखान्यावर निघतो तेव्हा काय होत असेल, हिशेब कर. हंगामात किती फेऱ्या भरलेल्या, किती रिकाम्या, हे ड्रायव्हरला विचारून मांड आणि प्रत्येक फेरीची झीज मायनरच्या नियमाने बेरजेला धर. पुण्याच्या क्लासमध्ये हा डेटा कुणाकडे नाही. तुझ्या बाबांच्या वहीत आहे.

गॅरेजच्या कोपऱ्यात तुटके पाटे पडलेले असतीलच. एक उचल, तुटलेलं तोंड डिझेलने धू, वायर ब्रश मात्र लावू नकोस. बऱ्याचदा एक भाग गुळगुळीत दिसतो, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा कमानदार रेषांचा, आणि उरलेला खरखरीत. गुळगुळीत भागात तडा महिनोन् महिने सरकत होता, खरखरीत भाग शेवटच्या एका दणक्यात गेला. रेषा जिथे गोळा होतात तिथून तडा सुटला: मधल्या बोल्टच्या भोकापाशी, यू-बोल्टच्या पकडीपाशी की गंजाच्या खड्ड्यातून, ते बघ. मग तुझ्या मॉडेलमध्ये सर्वांत जास्त ताण तिथेच येतोय का ते तपास. नाही आला, तर का नाही यावर दोन पानं लिही. प्रोजेक्टमधलं तेच सगळ्यात वाचनीय होईल.

आता कोर्स. नोकरीची ‘हमी’ म्हणजे बहुधा मेशिंगचं, वस्तूचे कॉम्प्युटरवर छोटे तुकडे पाडण्याचं, काम. ते वाईट नाही, माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली. पण मेशिंगची बटणं फुकटच्या स्टुडंट व्हर्जनवर शिकता येतात आणि त्या तुकड्यांमागचं फायनाइट एलिमेंटचं गणित आयआयटींच्या एनपीटीईएल या संकेतस्थळावर मोफत आहे. पुण्यात चाकण, हिंजवडी, एआरएआय (वाहन-संशोधन संस्था) या पट्ट्यात ड्युरेबिलिटीची, म्हणजे टिकाऊपणाची, कामं चालतात. या कामात रस वाटला तर गेट परीक्षा देऊन डिझाइनमध्ये एमटेक कर, 75 हजार तेव्हा पुण्यातल्या खोलीभाड्याला लागतील. परीक्षा जमली नाही, तर टेस्टिंग लॅबमधली ट्रेनी जागा कमी पगारावरही घे. तिथे दोन वर्षं वस्तू तुटताना बघितलेला माणूस पुढे सीएईला आला, की मी त्याला मुलाखतीत फार प्रश्न विचारत नसे.

पाट्याच्या तोंडाचा फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून. आणि वरची बाजू कुठली, ते खडूने लिहून ठेव, नाहीतर मलाही काही सांगता येणार नाही.