प्रार्थनेला जाणाऱ्यांना मनाचे आजार कमी होतात का?

प्रश्न : आमचे गाव अमरावती जिल्ह्यात आहे. माझ्या धाकट्या दिरांना नैराश्याचा आजार असून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी ते आता बरेच सावरले आहेत. आमच्या भजन मंडळातील एक वडीलधारे मात्र म्हणतात, की नियमाने येणाऱ्याला असा आजार होतच नाही, तेव्हा गोळ्या सोडा आणि भजनाला या. खरोखरच आमच्या मंडळात असा आजारी कोणी दिसत नाही. काही पंथांत मनाचे आजार कमी असतात का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, 'मंडळात असा आजारी कोणी दिसत नाही' या तुमच्या वाक्यापाशी मी थांबलो. नैराश्य आलेल्या माणसाची झोप उडते, भूक मरते, चार माणसांत बसणे त्याला नकोसे होते आणि साहजिकच त्याचे भजनाला येणे बंद पडते. मागे उरतात ती बरी माणसे, आणि त्यांच्याकडे पाहून आपण भजनाचा गुण सांगतो. तुमच्या दिरांचे येणे आजाराआधी थांबले की आजार सुरू झाल्यावर, हे जरा आठवून पाहा.

तरीही वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांनी १८९७ मध्येच दाखवले होते, की युरोपातील कॅथलिकांमध्ये आत्महत्यांची नोंद प्रॉटेस्टंटांपेक्षा कमी होते. त्यावर पुढे अशी शंका घेतली गेली, की जिथे आत्महत्या पाप मानली जाते तिथे ती अपघात म्हणून लिहिली जात असेल; 'विहिरीवर पाय घसरला' हे शब्द आपल्याकडेही ऐकू येतातच. अमेरिकेत ८९,७०८ परिचारिकांचा १९९६ ते २०१० असा मागोवा घेतला, तेव्हा आठवड्याला किमान एकदा चर्चमध्ये जाणाऱ्यांतील आत्महत्यांचे प्रमाण कधीही न जाणाऱ्यांच्या सुमारे एक-पंचमांश आढळले. नैराश्याशी असलेला संबंध मात्र बराच क्षीण आहे : २००३ मध्ये १४७ अभ्यास एकत्र तपासले असता धार्मिकतेबरोबर नैराश्याची लक्षणे किंचितच कमी दिसली. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात तर आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि तो वाटा पंथ पाहून येत नाही.

माझ्या मते यात आधार मिळतो तो पंथाच्या नावापेक्षा नेमाने भेटणाऱ्या माणसांचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी प्रार्थना सामुदायिक ठेवली, तिचे मोल मला तिथे दिसते. तुमच्याच जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी गावातच समुपदेशन आणि गरजेनुसार डॉक्टरांची सोय केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते अठरा महिन्यांत २७.२ टक्के झाले. आजारी माणसे त्या गावांत आधीही होतीच.

दिरांच्या गोळ्या त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. बरे वाटू लागल्यावरही त्या सहसा आणखी किमान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि एकाएकी सोडल्या तर चक्कर, बेचैनी होते व आजार उलटण्याची भीती असते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ते करू लागले, तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मराठीत बोलता येते, पण तेवढ्यावर न थांबता त्यांना एकटे न सोडता रुग्णालयात न्या. भजनाची मनाई मुळीच नाही. उलट त्या वडीलधाऱ्यांनाच सांगा, की दिरांना घेऊन जायला ते स्वतः घरी येऊ देत, आणि पुढच्या तपासणीला एसटीने जाताना त्यांच्यासोबतही बसू देत.