ड्रीम थिएटरची 'ट्वेल्व्ह-स्टेप स्वीट' : पाच गाण्यांचा अर्थ कसा लावावा?

ड्रीम थिएटर या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडच्या 'ट्वेल्व्ह-स्टेप स्वीट' या गीतमालेतील पाच गाणी वेगवेगळ्या अल्बममधील असूनही ती एकच रचना कशी, असा आपला प्रश्न आहे. बँडचे तेव्हाचे ड्रमवादक माइक पोर्टनॉय यांनी २००० मध्ये दारू सोडली आणि त्यानंतर 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या २००२ ते २००९ या काळातील पाच सलग स्टुडिओ अल्बममध्ये, प्रत्येकी एका गाण्यात, विभागून मांडल्या. 'द ग्लास प्रिझन'मध्ये पहिल्या तीन पायऱ्या येतात, म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही ही कबुली आणि मग शरणागती; तेथील वेगवान, आदळणारे वादन मला व्यसनी मनाच्या घुसमटीचेच रूप वाटते.

माझ्या मते किल्ली 'रिपेन्टन्स'मध्ये आहे. आठवी आणि नववी पायरी दुखावलेल्या माणसांची यादी करून त्यांची भरपाई करण्याविषयी आहे, आणि नेमके येथेच संगीत संथ होते; शिवाय गायक कोरी टेलर, गिटारवादक स्टीव्ह व्हाय यांच्यासारखे अनेक पाहुणे संगीतकार स्वतःच्या आवाजात कोणाची तरी माफी मागताना ऐकू येतात. (हे गाणे कंटाळवाणे म्हणून ओलांडून जाणाऱ्यांची मला कीव येते.)

शेवटच्या 'द शॅटर्ड फोर्ट्रेस'मध्ये आधीच्या गाण्यांतील रिफ (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी) आणि ओळी पुन्हा येतात, त्याला काही जण पुनरुक्ती म्हणतात. परंतु दहावी पायरी आत्मपरीक्षण रोज चालू ठेवण्यास सांगते, हे लक्षात घेतले तर जुने सूर परतणे अपरिहार्यच ठरते.