चौथीतल्या मुलीची वजाबाकी सतत चुकते

तुमची मुलगी चौथीत आहे, वीसपर्यंतचे पाढे तिला पाठ आहेत, तरीही हातच्याची वजाबाकी ती हटकून चुकते. तुम्ही रोज रात्री जेवणानंतर तिला तासभर उदाहरणे सोडवायला बसवता आणि तो तास बहुधा रडण्यात संपतो, असे तुम्ही कळवले आहे. ‘ती माझ्यासारखीच गणितात ढ निघाली’ हे तुमचे वाक्य वाचून वाईट वाटले. ते तिच्या कानावर पुन्हा पडू देऊ नका, ही माझी पहिली विनंती.

तिच्या वहीतली तीन उदाहरणे उतरवून पाठवलीत, हे फार बरे केलेत. ५२ वजा २७ चे उत्तर तिने ३५ लिहिले आहे, ८१ वजा ४६ चे ४५ आणि ७० वजा ३४ चे ४४. हा निष्काळजीपणा नव्हे. वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता हे न पाहता तिने प्रत्येक वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. म्हणजे तिच्याजवळ एक नियम आहे, तो चुकीचा आहे, पण ती तो इमानाने पाळते आहे. अशा वेळी आणखी पन्नास उदाहरणे घातली, तर तोच नियम अधिक पक्का होईल.

काही दिवस वही बाजूला ठेवा. तिच्या हातात दहा रुपयांच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी द्या, तुमच्याजवळ सुटे पैसे ठेवा आणि तिच्याकडे सत्तावीस रुपये मागा. दोन नाण्यांतून सात देता येत नाहीत हे दिसल्यावर ती स्वतःच एक नोट मोडून मागेल. तेवढा वेळ तुम्ही गप्प राहणे महत्त्वाचे आहे. आता चार नोटा आणि बारा नाणी झाली, त्यांतून दोन नोटा आणि सात नाणी दिली की पंचवीस रुपये उरतात. दशक सुटा करणे म्हणजे काय, हे तिला असे हातांनी कळले की मग नोटा मांडत मांडत तेच वहीत लिहायला सांगा. ७० सारख्या शून्य असलेल्या संख्या सर्वांत शेवटी घ्या. उत्तर बरोबर असो वा चूक, ‘कसे केलेस?’ हे मात्र दर वेळी विचारा.

हा दुसरी-तिसरीचा अभ्यास आहे म्हणून संकोच वाटू देऊ नका, कारण चौथीच्या भागाकारात हीच वजाबाकी पावलोपावली लागते. जेवणाआधीची पंधरा-वीस मिनिटे पुरेत.

दोन-तीन महिने असे करूनही लहान संख्यांची बेरीज तिला बोटांवर एकेक मोजूनच करावी लागत असेल किंवा दोन संख्यांतली मोठी कोणती हे चटकन सांगता येत नसेल, तर वर्गशिक्षिकेशी बोलून अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या विशिष्ट अडचणीची, तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. तूर्त पाठवलेल्या उदाहरणांवरून मला तशी शंका येत नाही. वर्गशिक्षिकेला मात्र ही तीन उदाहरणे आत्ताच दाखवा, म्हणजे शाळेतही तिला नोटा-नाण्यांनी किंवा काड्यांच्या गठ्ठ्यांनी वजाबाकी करू देता येईल.