डायरेक्ट कंपनी विकत घ्यायच्या आधी
वाळूजच्या तुझ्या कंपनीला ते सेन्सरवालं स्टार्टअप विकत घ्यायचंय म्हणतोस, पण भाऊ आधी टेक्नॉलॉजी कच्ची हाय का पक्की ते बघ. कच्ची असली तर पार्टनरशिपच बरी, पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे, नाही जमलं तर बाहेर पडता येतंय. आपल्या जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीनं बीटी कापसाचं जीन अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीसोबत जॉइंट व्हेंचर (भागीदारीतली कंपनी) करून आणलं, 2002 ला लागवडीची परवानगी मिळाली. फायझरनंबी कोविड लशीसाठी जर्मनीच्या बायोएनटेक कंपनीशी करारच केला, ती विकत नाही घेतली. विकत कधी घ्यायचं, तर ती टेक्नॉलॉजीच तुझ्या प्रॉडक्टचा गाभा असेल अन् उद्या कॉम्पिटिटरनं उचललं तर वाट लागेल तेव्हा, अन् तेव्हाबी इंजिनियर टिकतेत का बघ, नाहीतर हातात नुसते लॅपटॉप अन् खुर्च्या. पेटंट कुणाच्या नावावर ते आधीच लिहून घे, भांडणं तिथंच होतेत.