वाचक विचारतात : गांधर्व महाविद्यालय नेमके कोठे आहे?

प्रश्न : आमचे गाव लाखांदूर तालुक्यात (जि. भंडारा) आहे. भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक गुरुजी रोज संध्याकाळी गावातील मुलामुलींना गाणे आणि तबला शिकवतात व तयारी झालेल्या मुलांना ‘गांधर्वच्या परीक्षे’ला बसवतात. प्रमाणपत्रावर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ असे नाव असते. हे महाविद्यालय एकदा डोळ्यांनी पाहावे, असा मुलांचा हट्ट आहे. परंतु कुणी ते लाहोरला असल्याचे सांगतात, कुणी पुण्याला, तर कुणी मिरजेला. खरे काय समजावे? — एक पालक

उत्तर : आपल्याला माहिती देणाऱ्या तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे आणि तरीही मुलांना नेऊन दाखवावी अशी एकच एक इमारत आज नाही. असे का झाले हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी झाला. लहानपणी शोभेच्या दारूच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली आणि शाळेची वाट बंद झाल्यामुळे त्यांना गाणे शिकण्यासाठी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे पाठवण्यात आले. त्या काळी गाणे शिकणे म्हणजे गुरूच्या घरी राहणे, पडेल ते काम करणे आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा मिळेल तेवढे घेणे. किती वर्षांत काय शिकवले जाईल, शिक्षण पूर्ण केव्हा झाले असे मानायचे, याचा कोणताही करार नसे, आणि गवयाची पोटापाण्याची सोय संस्थानिकाच्या कृपेवर अवलंबून असे. १८९६ मध्ये मिरज सोडून विष्णु दिगंबर गात गात उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली.

ही भारतातील पहिली संगीतशाळा होती, असे पुष्कळदा छापले जाते. ते बरोबर नाही. पुण्यात गायन समाज १८७४ मध्ये निघाला होता आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. लाहोरच्या संस्थेचे वेगळेपण तिच्या खर्चाच्या व्यवस्थेत होते. तिच्या मागे राजाचा खजिना नव्हता. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि स्वतः पलुस्करांच्या मैफलींचे उत्पन्न यांवर ती चालत असे. वर्गांना वेळापत्रक होते, अभ्यासाला क्रम होता, शिकवण्यासाठी छापील पुस्तके होती, त्यांत चिजा (रागातील गीते) लिहिण्यासाठी पलुस्करांनी स्वतः बसवलेली स्वरलिपी होती. ‘संगीतामृतप्रवाह’ नावाचे मासिकही संस्थेने चालवले. गाणे हे मध्यमवर्गीय घरातील मुलामुलींनी शिकण्यासारखे आहे, ही गोष्ट त्या काळी व्याख्यान देऊन कुणाला पटली नसती. नाव नोंदवून, फी भरून, ठरलेल्या वेळी वर्गात जाऊन बसण्याची सोय झाली तेव्हा ती हळूहळू पटली.

या शाळेतील सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे उपदेशक वर्ग. फी भरू न शकणाऱ्या होतकरू मुलांना संस्थेत ठेवून घ्यायचे, त्यांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था करायची, आणि त्याच्या मोबदल्यात त्यांनी पुढे गावोगाव जाऊन शिकवायचे, अशी ती कल्पना होती. गुरुगृहाची शिस्त आणि शाळेचा हिशोब या दोन्ही गोष्टी त्या वर्गात एकत्र आल्या होत्या. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे पलुस्करांच्या हाताखाली तयार झालेले शिष्य. आपल्या भागाशीही त्या परंपरेचा धागा जुळतो. मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांडे यांना नागपुरात गाण्याचे पहिले धडे देणारे शंकरराव सप्रे हे विष्णु दिगंबरांचेच शिष्य होते.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि पुढे तेच संस्थेचे मुख्य ठिकाण झाले. तेथे स्वतःची मोठी इमारत उभारण्यासाठी पलुस्करांनी कर्ज काढले. मैफलींच्या मिळकतीतून ते फिटेल असा त्यांचा अंदाज होता, परंतु कर्ज फिटले नाही आणि १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. पलुस्कर त्यानंतर नाशिकला रामनामाच्या वाटेला लागले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली, आणि आपल्या मुलांच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे ते या मंडळाचे. ठिकठिकाणी शिकवणाऱ्या गुरुबंधूंचा अभ्यासक्रम एक असावा, परीक्षा एक असावी, हा त्यामागचा हेतू होता. धानाचे पऱ्हे एका बांधीत टाकतात आणि रोवणी दुसरीकडेच होते, तसे लाहोर आणि मुंबईत जे पेरले गेले ते उगवले भलतीकडे. पुण्यात विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये आणि दिल्लीत विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये गांधर्व महाविद्यालये काढली. या स्वतंत्र संस्था आहेत, मंडळाच्या इमारती नव्हेत. मंडळाचा कारभार मिरज आणि नवी मुंबईतील वाशी येथून चालतो. मुंबईची इमारत हातची गेली नसती तर गांधर्व महाविद्यालय हे एका शहराचे नामांकित महाविद्यालय म्हणून राहिले असते आणि लाखांदूरच्या मुलांपर्यंत त्याचे नाव कदाचित कधीच पोचले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. संस्थेचा विस्तार भिंतींमुळे झाला नाही. परीक्षा केंद्र आणि शिष्य या दोन गोष्टींमुळे झाला.

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण आणि शेवटी अलंकार, अशी ही परीक्षांची चढण आहे. वर्षातून दोन सत्रे असतात, एक एप्रिल-मेच्या सुमारास आणि दुसरे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. हे दुसरे सत्र धानाच्या कापणी-मळणीत येत असल्यामुळे आपल्याकडील मुलांना उन्हाळ्याचे सत्र सोयीचे पडते. या पद्धतीवर होणारी टीकाही मुलांच्या गुरुजींना ठाऊक असेलच. ठरलेले राग, पाठ केलेल्या ताना, परीक्षकापुढची काही मिनिटे, आणि निकाल लागला की रागही विसरला, असे घडते आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षा देणाऱ्यांच्या बाबतीत तर फारच घडते. तो दोष खरा आहे. मात्र ज्या गावात मैफल होत नाही, जेथे चांगला तानपुरा पाहायला मिळणेही कठीण, तेथे आपल्याला किती येते हे बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घेण्याचा दुसरा मार्ग अद्याप तरी कुणी काढलेला नाही.

मुलांना काही दाखवायचेच असेल तर मिरजेला न्यावे. विष्णु दिगंबर तेथे शिकले, तेथेच निवर्तले, मंडळाचे कार्यालयही तेथे आहे, आणि ज्या तानपुऱ्यांची नावे मुलांनी नुसती ऐकली असतील ते तयार होताना तेथील सतारमेकर मंडळींच्या दुकानांत पाहायला मिळतील.

प्रश्न : माझ्या मुलीला खैरागडच्या संगीत विद्यापीठात गायनाची पदवी घ्यायची आहे. आम्ही सालेकसा तालुक्यातले (जि. गोंदिया), त्यामुळे ते ठिकाण नागपूरपेक्षा जवळ पडते. आमचे वडील म्हणतात की ते विद्यापीठ निघाले तेव्हा ते आपल्याच राज्यात होते. तसे असेल तर एवढ्या लहान गावात ते का काढले असावे? त्याला इंदिरा गांधींचे नाव आहे का? — एक वाचक, सालेकसा

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १४ ऑक्टोबर १९५६ रोजी सुरू झाले, म्हणजे ज्या दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी. त्या वेळी विदर्भाचे आठही जिल्हे आणि खैरागड हे दोन्ही मध्यप्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यानंतर १८ दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि हे विद्यापीठ नव्या मध्यप्रदेशात राहिले. २००० पासून ते छत्तीसगडमध्ये आहे. सीमा अशी मध्ये आल्यामुळे आपल्याकडील कित्येक कुटुंबांना शेजारच्या या विद्यापीठाची आठवण मुलांच्या बारावीनंतर होत नाही, पुण्यामुंबईची होते, ही खंतावण्यासारखी गोष्ट आहे.

नावातील इंदिरा म्हणजे इंदिरा गांधी नव्हेत. खैरागडचे राजे वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची इंदिरा ही कन्या अकाली वारली. तिला संगीताची आवड होती, म्हणून तिच्या स्मरणार्थ आधी संगीत महाविद्यालय आणि पुढे हे विद्यापीठ निघाले. उद्घाटन मात्र इंदिरा गांधींच्या हस्ते झाले, त्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो. राजघराण्याने आपला राजवाडाच विद्यापीठाला दिला, आणि लहान गावात मोठी संस्था कशी, या आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्यातच आहे. संस्थाने विलीन होऊन फार वर्षे झालेली नव्हती, रिकामे पडू लागलेले वाडे देशभर होते. त्या वाड्यांत कुठे कचेऱ्या आल्या, कुठे वटवाघळे आली, खैरागडला गाणे आले.

सुरुवातीच्या वर्षांत श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे तेथे कुलगुरू होते. ते पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे पट्टशिष्य, आणि भातखंड्यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये लखनौला निघालेल्या मॅरिस कॉलेजचे दीर्घकाळ प्राचार्य. पलुस्करांनी भक्ती, शिस्त आणि प्रचार यांवर भर दिला, तर पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी राग गोळा करणे, तपासणे आणि दहा थाटांत (रागांची वर्गवारी करणाऱ्या स्वरचौकटींत) बसवणे यावर. आपली मुलगी आजवर गांधर्वच्या परीक्षा देत आली असेल तर तिला एका गोष्टीची आधीच कल्पना द्यावी. पलुस्करांच्या स्वरलिपीत स्वराच्या डोक्यावर बिंदू असेल तर तो मंद्र (खालच्या) सप्तकातला स्वर, आणि भातखंड्यांच्या स्वरलिपीत तोच बिंदू डोक्यावर असेल तर तार (वरच्या) सप्तकातला. मंद्रासाठी तेथे बिंदू खाली देतात. जुनी पुस्तके वाचताना एवढ्या एका टिंबाने पूर्ण बंदिश उलटीपालटी होऊ शकते. प्रवेशाच्या बाबतीत, मध्यमा किंवा विशारद झाल्याने पदवीचे एखादे वर्ष आपोआप वाचेल असे गृहीत धरू नये. त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका पाहूनच ठरवावे. गोंदियाहून हावड्याच्या मार्गावर डोंगरगड किंवा राजनांदगाव येथे उतरून पुढे रस्त्याने जाता येते.

प्रश्न : मी देसाईगंज (वडसा) येथील एका नाटक मंडळीत पेटी वाजवतो. आमच्या दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांना किंवा पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकाला अशा एखाद्या विद्यालयात कधी जागा मिळाली आहे का? — एक कलावंत

उत्तर : गांधर्वच्या चौकटीत नाही. ती मुळात रागसंगीतासाठी, आणि पुढे शास्त्रीय नृत्यासाठी आखलेली आहे. खैरागडला लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे छत्तीसगडी परंपरेला प्राधान्य असणे स्वाभाविक आहे, परंतु झाडीपट्टी आणि छत्तीसगड यांच्यामध्ये राज्याची सीमा जेवढी ठळक आहे तेवढी लोककलेची नाही, हे आपण आम्हांपेक्षा अधिक जाणता. सरकारदरबारी मान मिळालाच नाही असेही नाही. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु एका कलावंताचा सन्मान होणे वेगळे आणि त्या कलेचा अभ्यासक्रम तयार होणे वेगळे.

येथे पलुस्करांच्या कामातील एक भाग आपल्या उपयोगाचा आहे. लाहोरला वर्ग भरवताना जे तोंडी चालत आले होते ते त्यांनी आधी लिहून काढले, मग छापले आणि मग शिकवले. आपल्या मंडळीतील जुन्या पेटीमास्तरांना येत असलेल्या चाली, नाटकातील प्रवेशागणिक वाजणारे तुकडे, दंडारीच्या पदांचे ठेके आणि ती पदे कोणत्या गावात कोणत्या अंगाने गातात याच्या नोंदी आज कोणत्याही विद्यापीठाची वाट न पाहता करता येतील, कारण दिवाळीपासून होळीपर्यंतचा हंगाम संपला की आपल्याला पावसाळ्यापर्यंत थोडी उसंत असते. मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण पुरेसे आहे. सोबत गाणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि ते पद कुणाकडून शिकले एवढे वहीत लिहून ठेवावे. स्वरलिपी आली नाही तरी चालेल. ती आपल्याच भागात विशारद झालेल्या एखाद्या मुलीकडून नंतर लिहून घेता येईल.