सोल्जरफिश आणायचाय? आधी गुहा रचा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवतात तो टपोऱ्या डोळ्यांचा लाल सोल्जरफिश पाहून जीव जडणारच, माझाही जडला होता. पण हा निशाचर. दिवसभर कपारीत बसायचं आणि अंधार पडला की पोटापाण्याला निघायचं, हा त्याचा शिरस्ता. 'मासा दिसतच नाही' म्हणून दगड हलवत बसू नका.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- टाकी ४०० लिटरच्या आसपास तरी हवी. दुकानात बोटभर दिसणारा हा मासा जातीनुसार २०-३० सेंटीमीटर होतो.
- आधी पाणी, मग मासा. नव्या टाकीतले अमोनिया आणि नायट्राइट (माशांना विषारी असतात) शून्यावर यायला बहुधा ४ ते ६ आठवडे जातात. इथे घाई केलीत की मासा गेलाच म्हणून समजा.
- दगडांत अशी गुहा ठेवा की मासा पूर्ण आत मावेल, वळूही शकेल.

माझी चूक खाण्याची झाली. भर उजेडात मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले मिळतात) टाकायचो, क्लाउनफिश फडशा पाडायचे आणि हा आतून नुसता बघत बसायचा. आठवडाभरात त्याचं पोट खपाटीला गेलं. मग दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने, खोलीतला एक मंद दिवा तेवढा ठेवून, वितळवलेलं मायसिस पिपेटने थेट कपारीच्या तोंडाशी सोडायला लागलो. तिसऱ्या रात्री स्वारी बाहेर आली! पुढे ही वेळ रोज थोडी अलीकडे आणा, संध्याकाळीही खायला लागतो.

शोभेची छोटी कोळंबी सोबत ठेवू नका, सकाळी नुसत्या मिशा सापडतील. प्रवाळांना मात्र तो तोंड लावत नाही. प्रवाळांसाठीचं कॅल्शियम, डोसिंग (पाण्यात क्षार मोजून घालणं) वगैरे सगळं नंतर बघू.